रात्रीचा फोन, दोन वडगाव आणि लिब्रेऑफिस कॅल्कचा फिल्टर

रक्तदात्यांची यादी मी गेली अकरा वर्षं सांभाळतेय. सुरुवात झाली आमच्या कर्वेनगरातल्या मंडळाच्या गणपतीतल्या शिबिरापासून. शिबिरात नाव लिहून गेलेले लोक, मग त्यांचे भाऊ, जावा, ऑफिसातले मित्र असं करत करत आज फाइलमध्ये २,३०० च्या आसपास ओळी आहेत. दिवसा मी एका छोट्या कारखान्याचं अकाउंट्स बघते, यादीचं काम संध्याकाळी करते. फोन मात्र बहुतेक वेळा रात्रीच येतात.

यादी आधी वहीत होती, मग एका ऑनलाइन शीटमध्ये गेली आणि आता सहा वर्षं लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी इथे लिहितेय ते कॅल्कच्या एकाच भागाबद्दल: हजारो ओळींतून हवी ती चार माणसं शोधून काढायची सोय, म्हणजे फिल्टर. कॅल्कमधल्या आलेखांबद्दल, हिशेबांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. फिल्टरबद्दल मराठीत कुणी नीट सांगितलेलं मला सापडलं नाही आणि मला तर तेच हवं होतं.

आधी एक रात्र सांगते. ती आली नसती तर मी हे शिकायला बसलेच नसते.

जुलैचा शेवट होता, बाहेर पाऊस कोसळत होता. पावणेबाराला फोन आला. पलीकडे एका पेशंटचा मुलगा. "ताई, आईला बी निगेटिव्ह लागतंय. सकाळी सातला ऑपरेशन आहे. कोथरूड आणि वारज्यातले कुणी असले तर बघता का? हॉस्पिटल त्याच बाजूला आहे." मी लॅपटॉप उघडला. डेटा, मोअर फिल्टर्स, स्टँडर्ड फिल्टर. पहिल्या ओळीत गट बी निगेटिव्ह. दुसऱ्या ओळीत 'आणि', पत्त्यात कोथरूड. तिसऱ्या ओळीत 'आणि', पत्त्यात वारजे. ओके दाबलं. सगळी यादी गायब. खाली पट्टीवर आकडा शून्य.

घाईघाईत शेवटच्या ओळीतल्या 'आणि'चं 'किंवा' केलं. लगेच साठ-सत्तर नावं आली. जीव भांड्यात पडला. स्क्रीनवर मला नाव आणि फोन हे दोनच कॉलम दिसत होते, गटाचा कॉलम डावीकडे सरकलेला. पहिल्या दोघांनी फोन उचलला नाही. तिसरे वारज्याचे एक गृहस्थ. म्हणाले, "निघतो ताई, वीस मिनिटांत पोचतो." आणि खरंच पोचले, रेनकोट घालून, दुचाकीवरून, रात्री साडेबाराला. तिथे गट तपासला तर बी पॉझिटिव्ह. यादीतही त्यांच्या नावापुढे बी पॉझिटिव्हच लिहिलेलं होतं. त्यांनी काही चुकीचं सांगितलं नव्हतं, कॅल्कनेही काही चुकीचं दाखवलं नव्हतं. मी विचारलं तेच चुकीचं होतं.

पेशंटला रक्त मिळालं, पहाटे चारच्या सुमारास दुसऱ्या एका ओळखीतून. त्या गृहस्थांच्या घरी मी दुसऱ्या दिवशी जाऊन आले. त्यांनी चहा पाजला आणि 'परत लागलं तर फोन करा' म्हणाले. ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही. एवढ्या भरवशाच्या माणसाला आपण पावसात फुकट हेलपाटा घातला. त्याच आठवड्यात मी दहा ओळींची एक खोटी यादी केली आणि एकेक फिल्टर त्यावर लावून बघायला लागले.

पहिली गोष्ट कळली ती भाषेची. 'कोथरूड आणि वारज्याचे लोक' असं आपण बोलतो तेव्हा आपल्याला दोन्हीकडचे लोक हवे असतात. फिल्टर एका वेळी एकच ओळ हातात घेतो आणि त्या एका ओळीला विचारतो: तुझ्या पत्त्यात कोथरूड आहे? आणि वारजेही आहे? एका माणसाच्या पत्त्यात दोन्ही कसं असेल? म्हणून शून्य. आपल्या बोलण्यातला हा 'आणि' फिल्टरमध्ये 'किंवा' म्हणून सांगावा लागतो. नकाराचं याच्या बरोबर उलट. 'ए पॉझिटिव्ह किंवा बी पॉझिटिव्हवाले नकोत' असं आपण सहज म्हणतो. फिल्टरमध्ये 'गट ए पॉझिटिव्ह नाही, किंवा गट बी पॉझिटिव्ह नाही' असं भरलं तर सगळीच्या सगळी यादी परत येते, कारण ए पॉझिटिव्हवाला माणूस बी पॉझिटिव्ह नसतोच, एक अट पुरी झाली की तो आत. तिथे 'आणि' हवा. ज्याला कुणाला हे शिकवते त्याला मी सांगते: वाक्य मनात म्हणताना सगळ्यांबद्दल म्हणू नकोस, एका माणसाला समोर उभा करून म्हण.

दुसरी गोष्ट क्रमाची, आणि ती आपण सगळे चौथी-पाचवीत शिकलोय. कंचेभागुबेव. आधी कंस, बेरीज शेवटाकडे. स्टँडर्ड फिल्टरमध्ये 'आणि' गुणाकारासारखा वागतो आणि 'किंवा' बेरजेसारखा. 'आणि'ने जोडलेल्या अटी आधी एकत्र बांधल्या जातात, मग त्या गाठोड्यांमध्ये 'किंवा' येतो. म्हणजे त्या रात्री मी विचारलं होतं ते असं: बी निगेटिव्ह असलेले कोथरूडचे लोक द्या, किंवा वारज्याचे कुठलेही लोक द्या. गटाची अट वारज्यापर्यंत पोचलीच नव्हती. कंस टाकता आला असता तर प्रश्न मिटला असता, पण स्टँडर्ड फिल्टरच्या खिडकीत कंसाची सोयच नाही. तिथे गटाची अट प्रत्येक गाठोड्यात पुन्हा लिहावी लागते: बी निगेटिव्ह आणि कोथरूड, किंवा बी निगेटिव्ह आणि वारजे. या दोन भागांना चार ओळी लागल्या. कर्वेनगर घेतलं की सहा. शेवटच्या रक्तदानाच्या तारखेची अट जोडली की नऊ. आणि या खिडकीत जागा आहे आठ ओळींना. माझी रोजची गरजच त्यात बसत नाही. स्टँडर्ड फिल्टर दोन-तीन साध्या अटींसाठी उत्तम आहे, त्यापुढे मी तो वापरत नाही.

बहुतेकांना खरं तर ऑटोफिल्टर पुरेल. कंट्रोल, शिफ्ट आणि एल एकत्र दाबलं की प्रत्येक मथळ्याच्या कोपऱ्यात बाण येतो, बाण दाबला की त्या कॉलममधल्या सगळ्या वेगवेगळ्या नोंदी टिकमार्कसकट दिसतात. एकाच कॉलममध्ये दोन टिका म्हणजे 'किंवा', दोन वेगळ्या कॉलममधल्या टिका म्हणजे 'आणि'. गटात बी निगेटिव्ह, भागात कोथरूड आणि वारजे, झालं. कंसाची भानगड नाही, कारण कॉलम हाच कंस. ज्यांची यादी स्वच्छ आहे त्यांनी इथेच थांबावं.

माझी यादी स्वच्छ नव्हती. गटाच्या कॉलमचा बाण पहिल्यांदा दाबला तेव्हा आठ गटांच्या जागी एकतीस नोंदी दिसल्या. निगेटिव्ह, निगेटिव, नेगेटिव्ह, निगे., नुसतं वजा चिन्ह. ओच्या जागी शून्य टाकलेलं, तेही बऱ्याच ठिकाणी. मागे एक रिकामी जागा सुटलेली, जी डोळ्यांना दिसत नाही पण फिल्टरला दिसते. ऑटोफिल्टरचा हा उपयोग मला कुणी सांगितला नव्हता: शोधण्याच्या आधी तो यादीचा आरसा म्हणून वापरावा. मी दोन रविवार घालवून सगळे गट आठांत आणले आणि डेटा मेनूतल्या व्हॅलिडिटीमधून त्या कॉलमला ठरलेली यादी लावून टाकली. आता तिथे दुसरं काही टाईप करता येत नाही.

पत्त्याचं असं करता येत नाही. लोक पत्ता त्यांच्या पद्धतीने सांगतात आणि तो तसाच ठेवलेला बरा, रात्री माणसाला गाठायचं तर 'वनदेवीच्या अलीकडे' हे शब्द कामाला येतात. मग पत्त्यात 'हा शब्द आहे' अशी अट लावायची. आणि इथे पुण्याचा भूगोल आडवा येतो. 'वडगाव' शोधा, सिंहगड रस्त्याकडचं वडगाव बुद्रुक येतं आणि नगर रस्त्याकडची वडगाव शेरीही येते. शहराची दोन टोकं. रात्री दीड वाजता वडगाव शेरीच्या माणसाला धायरीला बोलावण्यात अर्थ नाही. 'कोंढवा' म्हटलं तर खुर्द की बुद्रुक. 'पिंपळे' म्हटलं तर गुरव, निलख, सौदागर तिन्ही हजर. 'नगर' हा शब्द तर चुकूनही टाकू नये, कर्वेनगर, सहकारनगर, विमाननगर सगळे धावत येतात.

शब्द शब्दाच्या पोटात असणं ही यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट. गटाच्या कॉलममध्ये 'बी निगेटिव्ह आहे' अशी अट लावली की एबी निगेटिव्हवालेही येतात, कारण 'एबी निगेटिव्ह'च्या पोटात 'बी निगेटिव्ह' हे शब्द जसेच्या तसे आहेत. बी निगेटिव्ह पेशंटला एबी निगेटिव्ह रक्त चालत नाही. रक्तकेंद्रात तपासणी होतेच, तिथे चूक पुढे जात नाही, पण माणसाचा हेलपाटा होतो आणि वेळ जातो. म्हणून गटाला नेहमी 'बरोबर इतकंच' ही अट, पत्त्याला 'यात आहे' ही अट.

बॉम्बे रक्तगटाचंही इथेच सांगते. हा गट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम नोंदवला, म्हणून ते नाव. या लोकांचं रक्त साध्या तपासणीत ओसारखं दिसतं, पण त्यांना स्वतःला रक्त लागलं तर ते बॉम्बे गटाच्याच माणसाचं लागतं. माझ्या यादीत असे दोन दाते आहेत. त्यांना मी उगाच बोलावत नाही, त्यांच्यासाठी कधी फोन येईल सांगता येत नाही. एकदा खरंच आला. मी घाईत फिल्टरऐवजी साधा शोध वापरला, कंट्रोल आणि एफ, शब्द 'बॉम्बे'. पहिल्याच फटक्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी पथकाच्या पत्त्यावरचे पाच-सहाजण आले. सगळे तगडे दाते, पण गट भलताच. साधा शोध सगळ्या शीटभर फिरतो, फिल्टर सांगितलेल्या कॉलमपुरता राहतो. फरक दोन सेकंदांचा आहे, पण तो लक्षात ठेवावा.

आता खिडकीतल्या पर्यायांमधली एक छोटी चौकट: रेग्युलर एक्स्प्रेशन्स. नावाला घाबरू नका. तिच्यावर टिक केली की एकाच खणात अनेक शब्द उभ्या रेघेने तोडून देता येतात. माझ्या पत्त्याच्या अटीत हे लिहिलेलं असतं:

.*(कोथ(रु|रू)ड|वारजे|कर्वेनगर).*

उभी रेघ म्हणजे 'किंवा'. पुढे-मागे टिंब आणि तारा म्हणजे आजूबाजूला काहीही असलं तरी चालेल. आणि मधला तो छोटा कंस पाहा. कोथरूड अर्धे लोक ऱ्हस्व रु काढून लिहितात, अर्धे दीर्घ. कॅल्कसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. नुसतं 'कोथरूड' शोधत होते तोवर कोथरूडचे कितीतरी दाते मला वर्षानुवर्षं दिसलेच नसणार. हे कळलं त्या दिवशी मी फाइल बंद करून थोडा वेळ नुसती बसले होते. हीच गत ॲपार्टमेंटमधल्या ॲची. तो एका अक्षरात टाईप होतो, किंवा आधी अ आणि मग त्यावर चंद्र देऊन. दिसायला हुबेहूब सारखा, शोधाला वेगळा. मराठीत यादी ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे दोन प्रयोग आपल्या फाइलवर करून बघावेत.

एक सावधगिरी मात्र. ही चौकट चालू असताना अधिकचं चिन्ह, टिंब, तारा, कंस यांना खास अर्थ असतो. तुमच्या यादीत गट 'बी+' असे लिहिलेले असतील तर चौकट चालू ठेवून 'बी+' शोधल्यावर भलतंच काही येईल, कारण तिथे '+' म्हणजे 'आधीचं अक्षर एकदा किंवा अनेकदा'. त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. मी म्हणूनच गट अक्षरांत लिहिते, 'पॉझिटिव्ह', 'निगेटिव्ह'. जागा जास्त खातात, पण चिन्हांचा घोळ राहत नाही.

आता ॲडव्हान्स्ड फिल्टर. ज्यासाठी मी कॅल्क सोडणार नाही ती ही सोय. यात खिडकीत अटी भरायच्या नसतात, शीटवरच लिहायच्या असतात. नियम एवढाच: एका आडव्या ओळीतल्या अटी 'आणि'ने जोडलेल्या, खालची ओळ म्हणजे 'किंवा'.

माझी खरी अडचण ही होती. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर लागतं, स्त्रीला १२० दिवसांचं. म्हणजे 'पुरुष आणि ९० दिवस झालेले, किंवा स्त्री आणि १२० दिवस झालेल्या'. इथे 'किंवा' दोन कॉलमांमधून आडवा जातो, त्यामुळे ऑटोफिल्टरच्या टिकांनी हे जमतच नाही. आधी मी सगळ्यांनाच १२० लावत होते, म्हणजे शंभर दिवस झालेले पुरुष दाते हातचे जात होते. आता 'विचारणा' नावाची एक वेगळी शीट आहे. तिच्यात पहिल्या ओळीत मथळे: गट, पत्ता, लिंग, दिवस. दुसऱ्या ओळीत: बी निगेटिव्ह, वर लिहिला तो पत्ता, पुरुष, >=९०. तिसऱ्या ओळीत गट आणि पत्ता तेच, मग स्त्री, >=१२०. (आकडे मी शीटवर इंग्रजी कळांनीच टाकते.) मुख्य यादीत कर्सर ठेवायचा, ॲडव्हान्स्ड फिल्टर उघडायचा, या तीन ओळी दाखवायच्या, रेग्युलर एक्स्प्रेशन्सवर टिक, ओके.

बी निगेटिव्ह कुणी नाहीच मिळालं तर गटाच्या जागी (बी|ओ) निगेटिव्ह. ओ निगेटिव्हच्या लाल पेशी बी निगेटिव्ह पेशंटला देता येतात, पण ओ निगेटिव्ह अडीनडीला सगळ्यांनाच लागतं, म्हणून मी ते पहिल्या फेरीत मागत नाही. द्यायचं की नाही ते शेवटी रक्तकेंद्रातले डॉक्टरच ठरवतात.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की विचारलेला प्रश्न शीटवर लिहिलेला दिसतो. स्टँडर्ड फिल्टरची खिडकी बंद झाली की काय विचारलं होतं ते डोळ्यांसमोरून जातं. इथे तीन ओळी समोर असतात. शेजारच्या वहिनी मदतीला येतात, त्यांना संगणकाची फार सवय नाही, पण मागच्या महिन्यात त्यांनीच त्या ओळींवर बोट ठेवून विचारलं, "अहो, बायकांच्या ओळीत वारजे राहिलं की!" राहिलं होतं. खिडकीत ते कुणाच्याच लक्षात आलं नसतं.

मथळे मात्र मुख्य यादीतल्यासारखे अक्षरशः तेच हवेत. मी ते टाईप करत नाही, कॉपी करून चिकटवते. आणि 'कॉपी रिझल्ट्स टू' हा पर्याय घेऊन निकाल वेगळ्या शीटवर काढते, म्हणजे मूळ यादीच्या ओळी लपत नाहीत. फिल्टर लावलेल्या यादीत ओळी पुसल्या गेल्यात असं वाटून आमच्या मंडळातला एक मुलगा एकदा पार घाबरून गेला होता. त्या फक्त लपलेल्या असतात.

'दिवस' हा कॉलम मी सूत्राने काढते, आजच्या तारखेतून शेवटच्या रक्तदानाची तारीख वजा. आधी थेट तारखेवरच अट लावत होते, 'अमुक तारखेच्या आधी'. त्यात ज्यांनी अजून एकदाही रक्त दिलेलं नाही ते गळून जात होते, कारण त्यांचा तारखेचा खण रिकामा आणि रिकामा खण 'आधी'च्या अटीत बसत नाही. नवी, तरुण, उत्साही पोरं, तीच वगळली जात होती. वजाबाकीत मात्र रिकाम्या खणाचा अर्थ शून्य, आणि कॅल्कचा शून्य दिवस म्हणजे ३० डिसेंबर १८९९. त्यामुळे या पोरांच्या नावापुढे ४५,००० च्या वर दिवस दिसतात, आणि ती यादीत सगळ्यात वर येतात. दिसायला विचित्र, कामाला अगदी हवं तसं. तारीख खरी तारीख आहे की नुसता मजकूर, हे बघायला कंट्रोल आणि एफ८ दाबा. मजकूर काळा दिसतो, आकडे आणि तारखा निळ्या, सूत्रं हिरवी. तारखेच्या कॉलममध्ये काळं काही दिसलं की ते दुरुस्त करायचं.

तक्रारी आहेत. स्टँडर्ड फिल्टरमध्ये कंस नाही हे वर आलंच. दुसरं म्हणजे लावलेला फिल्टर आपोआप ताजा होत नाही. काल लावलेल्या फिल्टरवर आज विसंबलात तर आज ९० दिवस पूर्ण झालेला माणूस त्यात नसेल. दर वेळी परत लावायचा, मी ही सवय अंगी लावून घेतली आहे. तिसरं, मराठी यादीसाठी ऱ्हस्व-दीर्घ सोडून शोधण्याची एखादी चौकट मिळाली तर आमच्यासारख्यांचे किती कष्ट वाचतील. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांसाठी तशी चौकट आहेच.

एक्सेल वापरणाऱ्यांना ॲडव्हान्स्ड फिल्टरचा हाच आडव्या-उभ्या ओळींचा नियम तिथेही चालेल. दोन्हीकडे आता फिल्टर नावाचं सूत्रही आहे, लिब्रेऑफिसमध्ये ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये २४.८ आवृत्तीत आलं. त्यात 'आणि'साठी गुणाकाराचं चिन्ह आणि 'किंवा'साठी बेरजेचं चिन्ह लिहितात आणि कंसही टाकता येतात. म्हणजे कंचेभागुबेव तिथे पूर्ण लागू. माझी भाची तेच वापरते. मला ओळी दिसल्याशिवाय चैन पडत नाही.

ऑनलाइन शीट सोडलं ते सोयीमुळे नाही, लोकांमुळे. नाव, फोन, पत्ता, रक्तगट, वय, शेवटचं रक्तदान: माणसाने विश्वासाने दिलेली ही माहिती दुवा मिळालेल्या कुणालाही उघडता यावी हे मला पटेना. कॅल्कमध्ये जतन करताना पासवर्डच्या चौकटीवर टिक केली की फाइल कुलूपबंद होते, आणि ती माझ्या लॅपटॉपवर आणि मंडळाच्या एका पेनड्राइव्हवर एवढीच आहे. सॉफ्टवेअर मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. मेनू मराठीतही करता येतात, मी मात्र इंग्रजीतच ठेवलेत, फोनवरून कुणाला समजावताना सोपं जातं.

रक्त लागलं तर पहिल्यांदा ई-रक्तकोश या सरकारी पोर्टलवर जवळच्या रक्तकेंद्रांतला साठा बघा, तो मिळाला तर दात्याला उठवायची गरजच नाही. नाही मिळाला तर माझ्यासारख्यांना फोन करा, आणि गट, हॉस्पिटलचा भाग, किती पिशव्या, कधीपर्यंत, एवढं एका दमात सांगा. तेच माझ्या 'विचारणा' शीटचे मथळे भरतं.

पाचपैकी चार तारे देते. पाचवा त्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चौकटीसाठी राखून ठेवलाय.

गेल्या रविवारी शिबिरात एक्केचाळीस नवे फॉर्म भरले गेले. टेबलावर अकरावीतली एक मुलगी बसली होती. एका काकांनी भाग सांगितला, "वडगाव." तिने पेन थांबवलं आणि विचारलं, "बुद्रुक का शेरी, काका?"